नवरात्राचे नऊ रंग पुराणातले नाहीत

घटस्थापना आठवड्यावर आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. नातेवाइकांच्या गटात, सोसायटीच्या गटात, शाळेतल्या पालकांच्या गटात, सगळीकडे तोच. नऊ रंगांची यादी, प्रत्येक रंगासमोर नवदुर्गांपैकी एकीचं नाव आणि वर थोडक्यात असं: हे रंग देवीपुराणात सांगितले आहेत, प्रत्येक रंग त्या दिवसाच्या देवीला प्रिय आहे, आपल्या बायका हजारो वर्षं ते नेसत आल्या आहेत, प्रत्येक रंगाने शरीरातलं एक चक्र जागं होतं, आणि रंग चुकला तर नवरात्राचं फळ मिळत नाही. शेवटी 'आपली संस्कृती जपा, पुढे पाठवा' हे असतंच.

नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसायला माझा अजिबात विरोध नाही. लोकलच्या डब्यात, बँकेत, दवाखान्यात सगळ्याजणी एका रंगात दिसल्या की बघणाऱ्यालाही बरं वाटतं. पण त्या आनंदाला आधार म्हणून जी वाक्यं पुरवली जातात ती खरी नाहीत, आणि देवीच्या नावावर खरं नसलेलं काही खपवलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून एकेक दावा घेतो.

"हे रंग पुराणात सांगितले आहेत."

कुठल्या अध्यायात, कुठल्या श्लोकात, ते या मजकुरात कधीच नसतं. नवरात्रात घरोघरी आणि देवळादेवळांत ज्याचा पाठ होतो तो ग्रंथ म्हणजे दुर्गासप्तशती. मार्कंडेय पुराणातले हे तेरा अध्याय. मधु-कैटभ, महिषासुर, शुंभ-निशुंभ यांच्या कथा त्यात आहेत. बाराव्या अध्यायात देवी स्वतः शरद ऋतूतल्या वार्षिक महापूजेचा उल्लेख करते आणि त्या वेळी माझं माहात्म्य भक्तीने ऐकावं असं सांगते. काय नेसून ऐकावं हे ती सांगत नाही. खुद्द देवीच्या वस्त्रांचा उल्लेख दुसऱ्या अध्यायात येतो. सगळे देव तिला आयुधं आणि अलंकार देतात, तेव्हा क्षीरसागर तिला एक निर्मळ हार आणि कधीही जीर्ण न होणारी दोन वस्त्रं देतो. त्यांचा रंग दिलेला नाही. ती कधी विरणार नाहीत, एवढंच कथा सांगणाऱ्या ऋषीला सांगावंसं वाटलं.

शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा अशी नवदुर्गांची नावं ज्या श्लोकांत येतात, ते सप्तशतीच्या आधी म्हणायच्या देवीकवचातले. तिथे नावं ओळीने आहेत, रंग नाहीत.

"प्रत्येक रंग त्या दिवसाच्या देवीचा आहे."

हा दावा तपासायला संस्कृत येण्याची गरज नाही, जुन्या याद्या पुरेशा आहेत. 2023 साली घटस्थापना रविवारी, 15 ऑक्टोबरला होती आणि पहिला रंग होता नारिंगी. 2024 साली ती गुरुवारी, 3 ऑक्टोबरला आली आणि पहिला रंग पिवळा झाला. 2025 साली सोमवारी, 22 सप्टेंबरला घट बसले आणि पहिला रंग पांढरा. यादीत पहिल्या दिवसाची देवी तिन्ही वर्षी शैलपुत्रीच. मग तिचा रंग कोणता?

उत्तर यादीच्या रचनेतच आहे. रंग वारावर बसवलेले आहेत. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले रंग. घटस्थापना ज्या वारी येते तिथून ही माळ सुरू होते. देवीचं नाव नंतर शेजारी लिहिलं जातं, इतकंच.

अष्टमीची देवी महागौरी, तिचं उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. तिच्या प्रचलित ध्यानश्लोकात ती पांढऱ्या बैलावर बसलेली आणि 'श्वेताम्बरधरा', म्हणजे पांढरं वस्त्र नेसलेली आहे. 2023 च्या अष्टमीला, 22 ऑक्टोबरला, यादीने तिच्यासमोर जांभळा लिहिला. 2025 च्या अष्टमीला, 30 सप्टेंबरला, गुलाबी. जिथे देवीच्या वस्त्राचा रंग श्लोकात दिलेला आहे, तिथेही यादी श्लोकाला विचारत नाही.

कोणी म्हणेल, वारांचे रंग ग्रहांवरून आले असतील. काही जुळतातही: मंगळाला लाल, गुरूला पिवळा, चंद्राला पांढरा. पण आपल्याकडे बुधाला हिरवा आणि शुक्राला पांढरा मानतात, यादीत मात्र बुधवारी निळा आणि शुक्रवारी हिरवा. शनीचा काळा सणासुदीला नको म्हणून राखाडी झाला असावा असा माझा अंदाज आहे. हे कोणीतरी विचार करून, साड्यांच्या कपाटाकडे बघून बसवलेलं वेळापत्रक आहे. त्यात गैर काही नाही, ते फक्त शास्त्र नाही.

शिवाय नवरात्र दर वेळी नऊ दिवसांचंच असतं असंही नाही. तिथीची वृद्धी होते, क्षय होतो. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला आला, घट दहा दिवस बसले आणि नऊ रंगांची यादी एक दिवस अपुरी पडली.

"हजारो वर्षांची परंपरा आहे."

ही प्रथा सुरू झालेली पाहणारी माणसं आज आपल्या घरात आहेत. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्र टाइम्सने नवरात्रात रोजचा रंग जाहीर करायला आणि त्या रंगातल्या बायकांचे गटागटाने काढलेले फोटो छापायला सुरुवात केली. कार्यालयांतल्या, लोकलमधल्या, पोलीस ठाण्यांतल्या, रुग्णालयांतल्या बायकांचे फोटो पेपरात येऊ लागले. एरवी ज्यांचा फोटो कधी कुठे छापून आला नसता त्यांचा आला. कल्पना लोकांनी उचलली, इतर वृत्तपत्रं आणि वाहिन्या मागोमाग आल्या, पुढे दुकानदार आले. आज पन्नाशीत असलेल्या कोणत्याही बाईला विचारा, तिच्या लहानपणी नवरात्रात रंग होते का.

नवी प्रथा म्हणजे खोटी प्रथा, असं मी म्हणत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात 1893 साली उभा राहिला आणि तो पुराणात आहे असं कोणी सांगत नाही. दादरला 1926 साली प्रबोधनकार ठाकरे यांनी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, तो गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्यांना पूजेचा हक्क मिळावा यावरून झालेल्या वादानंतर. त्याला सन आहे, कारण आहे, माणसांची नावं आहेत, म्हणूनच त्याची किंमत कळते. रंगांच्या प्रथेचाही जन्म असाच सांगता येतो. तो लपवून तिला पुराणाचा दाखला जोडला की ती मोठी होत नाही, उलट तिचा खरा इतिहास पुसला जातो.

"रंगांमुळे चक्रं जागी होतात."

यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. योगाच्या प्रचलित ग्रंथांत मूलाधारापासून आज्ञेपर्यंत सहा चक्रं आणि वर सहस्रार, म्हणजे सगळी मिळून सात. नऊ दिवसांना ती पुरत नाहीत. मूलाधाराचं कमळ तिथे लाल सांगितलं आहे. पहिल्या दिवसाचा रंग मात्र एका वर्षी नारिंगी, एका वर्षी पिवळा, एका वर्षी पांढरा. चक्रं काही वार बघून रंग बदलत नाहीत.

"रंग चुकला तर फळ मिळत नाही."

या वाक्याचा मला खरोखर राग येतो, कारण शास्त्रकारांनी नेमकं उलट केलं आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू 1790 च्या सुमाराचा. महाराष्ट्रातले पुरोहित आजही तो उघडतात. त्यात नवरात्राची चर्चा आहे ती तिथीची, घट कधी बसवावा याची, उपवासाची, कुमारीपूजनाची. आणि ज्याला नऊ दिवस झेपत नाहीत त्याला वाटा दिलेल्या आहेत: कोणी सात रात्रींचं करावं, कोणी पाच, कोणी तीन, कोणी एकाच रात्रीचं. माणसाची शक्ती कमी असेल तर व्रत लहान करायचं, ही त्यामागची वृत्ती. घरोघरीही तेच चालत आलं. कोणाकडे नऊ दिवस कडक उपवास, कोणाकडे धान्यफराळ, कोणी उठता-बसता म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास करतो. कोणाकडे घट बसतो, कोणाकडे नुसता नंदादीप. त्या त्या घराचा कुलाचार. तो सांगणारी माणसं होती, यादी नव्हती.

या यादीखाली काय झाकलं जातंय तेही बघायला हवं.

आपल्याकडे नवरात्राचे दिवस मोजायची पद्धत होती माळांची. 'आज कितवी माळ?' असंच विचारायचे, अजूनही गावोगावी विचारतात. घटावर रोज एक माळ चढते. झेंडूची, तिळाच्या फुलांची, कारळ्याच्या फुलांची, जे त्या दिवसांत रानात आणि परसात फुललेलं असेल त्याची. खाली परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात पेरलेलं धान्य, मधे पाण्याने भरलेला मातीचा घट. त्याचं पाणी झिरपत राहतं आणि दसऱ्यापर्यंत अंकूर वीतभर वर येतात, उजेड कमी म्हणून फिकट पिवळे. दसऱ्याला तेच तुरे टोपीत, पागोट्यात खोचायचे. खरीप हाताशी येत असताना आणि रब्बीची पेरणी पुढे असताना शेतकऱ्याच्या घरात बियाणं रुजताना पाहणं, हा या सणाचा गाभा आहे. कडाकण्यांचा फुलोरा, परडी घेऊन मागितलेला जोगवा, संबळाच्या तालावरचा गोंधळ, हत्तीभोवती फेर धरून म्हटलेली भोंडल्याची गाणी, हे सगळं त्याच्याच भोवती वाढलं.

देवळांमध्येही प्रत्येक दिवसाला अर्थ आहे, पण तो त्या त्या ठिकाणचा. तुळजापूरची भवानी नवरात्राआधी मंचकी निद्रेला जाते आणि घटस्थापनेला सिंहासनावर येते. मग तिच्या अलंकार महापूजा होतात: रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार, महिषासुरमर्दिनी अलंकार. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर ती पुन्हा निद्रा घेते, कोजागिरीपर्यंत. लढून दमलेल्या देवीला विश्रांती द्यायची ही भावना किती कोवळी आहे! कोल्हापूरच्या अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात आणि ललिता पंचमीला ती त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. वणीच्या सप्तशृंगीच्या अठरा हातांवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूरच चढला. माहूरला रेणुकेचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. गोव्यातल्या देवळांत मखरोत्सव असतो: सजवलेल्या मखरात देवता बसते आणि रात्री आरतीच्या वेळी, वाद्यांच्या गजरात ते मखर झुलवलं जातं. यांतल्या एकाही ठिकाणी शैलपुत्री ते सिद्धिदात्री हा क्रम मुख्य नाही. नवदुर्गांचा क्रम खोटा नाही, पण मराठी मुलखातलं नवरात्र त्याच्यावर उभं नाही, आणि त्या क्रमाला रंग जोडून तेवढंच नवरात्र म्हणून मुलांना शिकवलं तर त्यांच्या हाती फारच थोडं लागेल.

नऊ दिवसांना एकेक अर्थ हवाच असेल तर तोही आपल्याकडे आहे, तो एकनाथांनी दिला. त्यांच्या जोगव्यात नवरात्र करायचं ते नवविधा भक्तीचं, श्रवण-कीर्तनापासून आत्मनिवेदनापर्यंत. त्यात मागणं आहे ज्ञानाचं, आणि टाकून द्यायच्या गोष्टींत दंभ आहे.

"इतकं कशाला? बायकांना आनंद मिळतो ना?"

मिळतो, आणि तो मिळावाच. पण प्रत्येकीला नाही मिळत. राखाडी किंवा मोरपंखी साडी जिच्याकडे नाही ती त्या दिवशी कार्यालयाच्या फोटोत कडेला उभी राहते. घरकाम करणारी बाई शेजारणीकडे साडी मागते. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई, 'मी लाल नेसू का' असं विचारते, आणि तिला हा प्रश्न पडावा याचंच वाईट वाटतं. देवीच्या दारात तिला कोणता रंग वर्ज्य आहे असं कोणी ठरवू नये. शाळेतून निरोप येतो की उद्या पिवळे कपडे, आणि एखादा बाप संध्याकाळी कामावरून आल्यावर पिवळा सदरा शोधत बाजारात फिरतो. हौस म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला 'शास्त्र' म्हटलं की नाही म्हणणाऱ्याची पंचाईत होते. 'आज जमत नाही' हे साधं उत्तर मग पाप वाटू लागतं.

म्हणून शाळांच्या आणि कार्यालयांच्या सूचनेत, ज्यांना हवं त्यांनी हा रंग घालावा, असं स्पष्ट लिहावं. पुराणाचा उल्लेख काढून टाकावा. आणि गटात तो मजकूर आला की पाठवणाऱ्याला अध्याय आणि श्लोक विचारावा, शांतपणे, सगळ्यांसमोर.