सात चित्रपट आणि अकरा माणसं

नोव्हेंबरात श्टुटगार्टला साडेचार-पाचलाच काळोख होतो. कोल्हापुरात असतो तर रंकाळ्यावर एक फेरी मारली असती. इथे थिएटर गाठतो. महिन्यात सात चित्रपट झाले. तीन आता आठवतही नाहीत. चौथा जर्मनमध्ये डब केलेला अमेरिकी, त्यात नुसत्या गाड्या उडत होत्या. उरले तीन.

सगळ्यात वाईट आधी सांगून टाकतो, म्हणजे शिव्याही आधीच खाऊन होतील. आपलाच होता, मराठी, ऐतिहासिक. इथल्या मराठी मंडळींनी रविवारी सकाळी अख्खं थिएटर घेतलेलं, तिकीट अठरा युरो, एकही खुर्ची रिकामी नाही. जर्मनीत मध्यंतर नसतं. पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी आली, माणसं अर्धवट उठली, आणि पुढच्याच क्षणी तलवारी पुन्हा सुरू! साबुदाण्याची खिचडी डब्यातच राहिली. चित्रपटात प्रत्येक वाक्य ओरडून म्हटलेलं, घोडा चालला तरी स्लो मोशन. पण शिट्ट्या काय वाजल्या! मी एक वाजवली, खोटं कशाला बोलू. आम्ही चित्रपट बघत नव्हतो, चार तास मराठी होऊन घेत होतो.

हे मी कोल्हापूरच्या आमच्या तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, ग्रुपवर लिहिलं. तिथे महिनाभर एकच वाद चाललाय, मराठी चित्रपटांना स्क्रीन मिळत नाहीत. खरंच आहे ते. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीचा एक खेळ प्राइम टाइमला सक्तीचा केला, आणि मग प्राइम टाइम ताणत ताणत दुपारी १२ ते रात्री ९ झाला. दुपारी बाराला कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीचा कामगार चित्रपटाला जाणार होय? पण मी वाईटाला वाईट म्हटल्यावर उत्तर आलं, ‘भावा, तिकडं बसून आपल्याच पिक्चरला नावं ठेवतोस?’

सगळ्यात चांगला होता ‘परफेक्ट डेज’, २०२३ चा. टोकियोत सार्वजनिक संडास धुणारा एक माणूस, बस्स. रोज पहाटे दारातल्या मशीनमधून कॉफीचा डबा घेतो, गाडीत कॅसेट लावतो आणि कामाला जातो. मला आमचे आबा दिसत राहिले. फाउंड्रीतून रिटायर झाल्यापासून रोज किटली घेऊन चालत गंगावेशीत जातात, दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतात, एक ग्लास तिथंच उभ्यानं पितात आणि मग घरी. म्हशीवर मत देतात, सरकारवर नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, भाषा जपानी, आणि ऑस्करला तो जपानने स्वतःचा म्हणून पाठवला. हा नेमका कुणाचा, यावर आमच्या ग्रुपने आठवडा काढला असता.

तो लागला होता नगरपालिकेच्या पैशावर चालणाऱ्या एकपडदा थिएटरात. मोजले, अकरा प्रेक्षक. म्हणजे इथेही चांगल्या चित्रपटाला कुणी रांगा लावत नाही. फरक एवढाच, की अकराच माणसं आली म्हणून खेळ रद्द झाला नाही. मल्टिप्लेक्सवाल्याच्या मानेवर बसून एक खेळ मागण्यापेक्षा असं एक थिएटर गावाकडे मागावं, असं माझं मत. मूकपटांच्या काळात चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावाने, १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी जिथे सुरू झाली त्या कोल्हापूरने, हे मागितलं तर जास्त होणार नाही.

तिसरा ‘स्थळ’, घरी लॅपटॉपवर. विदर्भातल्या खेड्यातली मुलगी, बघायला येणारे पाहुणे, तेच ते प्रश्न, तीच पोह्यांची बशी. सुरुवातीलाच मुलगी स्वप्न बघते, पाटावर मुलगा बसलाय आणि बायका त्याला उंची विचारतायत. बायको आधी हसली, मग गप्प झाली. मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा मीही उंची विचारली होती.

ग्रुपवर मी ‘स्थळ’ बघा म्हणून टाकलं. दोन अंगठे आले. मग एकाने जुना हिशोब काढला, ‘शाहू स्मारकात फिल्म सोसायटीचा खेळ असायचा तेव्हा तू कुठं असायचास रे?’

बाहेर दसरा चौकात, भेळ खात. तोही शेजारीच असायचा.