पुढे चकाचक, मागे सगळा राडा

दुकान असो, हॉटेल असो की पब, पुढची काच दिवसातून चारदा पुसतात. ती गिऱ्हाइकाला दिसते ना! आतल्या दारापलीकडे मात्र एक फडकं असतं. एकच. त्याने कच्च्या चिकनचं सांडलेलं पाणी टिपायचं, त्यानेच ओटा पुसायचा, ताटाच्या कडेला लागलेली ग्रेव्हीही त्यानेच साफ करायची आणि मग ते खांद्यावर टाकून फिरायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: पुसलंय की! अरे, पुसलं नाहीस, एका जागची घाण दहा जागी पोचवलीस. ओलं, कोमट आणि अन्नाचे कण अडकलेलं फडकं! जिवाणूंना आणखी काय हवं? एकदा वापरून टाकून द्यायचा कागद घ्या, नाहीतर कच्च्या मांसासाठी वेगळं फडकं ठेवा आणि कामाची पाळी संपली की ते गरम पाण्यात धुवायला टाका. यात न समजण्यासारखं काय आहे?

सॅनिटायझरची, म्हणजे ओट्या-पाटावर मारायच्या जंतुनाशकाची, तर थट्टाच करून ठेवली आहे. क्रम साधा आहे. खरकटं काढा, साबणाच्या गरम पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, मग सॅनिटायझर लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तो तसाच ओला राहू द्या. कुठे तीस सेकंद, कुठे पाच मिनिटं. इथे काय होतं? तेलकट पाटावर एक फवारा मारला आणि पुढच्याच क्षणाला पुसून घेतला. ओशट थराखाली जिवाणू सुखरूप. क्लोरीनचं पाणी साधारण ५० ते १०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लागतं, क्वाट्स (अमोनियम संयुगांचं जंतुनाशक) प्रकारचं बहुतेक वेळा २०० च्या आसपास. ते मोजायला कागदी पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवायच्या आणि रंग बघायचा. किती स्वयंपाकघरांत त्या पट्ट्या सापडतात? सगळीकडे 'अंदाजाने एक झाकण'. सकाळी भरलेली बादली संध्याकाळपर्यंत गढूळ होते, अन्नाच्या कणांनी क्लोरीन कधीच खाऊन टाकलेलं असतं, तरी त्याच पाण्यात फडकं बुचकळणं चालूच. आणि एखादा अतिशहाणा चौपट ओततो. त्याने स्वच्छता चौपट होत नाही, अन्नात रसायन मात्र उतरतं.

पण खरा संताप येतो तो थंड करण्याच्या पद्धतीवर. वीस लिटरचं पातेलं रस्सा शिजवायचा, झाकण घालायचं आणि रात्रभर ओट्यावर 'निवायला' ठेवायचं. किंवा त्याहून भारी, ते वाफाळतं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवायचं. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा आहे, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. त्यातही ४३-४५ अंशांच्या आसपास क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू दर दहाएक मिनिटांनी दुप्पट होतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत. उलट शिजवल्याने बाकीचे जिवाणू मरतात आणि त्याला मैदान मोकळं मिळतं. म्हणून नियम आहे: ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. जमतं कसं? पातेलं रिकामं करून पसरट ट्रेमध्ये पाच-सात सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल न भरता ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा. थंड झाल्यावर झाकण. दहा मिनिटांचं काम. तेवढंही होत नाही कारण 'ट्रे धुवायला कोण बसणार'.

भाताचंही तेच. दुपारी शिजवलेला भात संध्याकाळपर्यंत उघड्यावर ठेवायचा आणि रात्री परतून द्यायचा. बॅसिलस सिरियस या जिवाणूने त्या भातात उलट्यांचं विष एकदा सोडलं की परता, उकळा, काहीही करा, ते विष जात नाही. 'चांगलं कडक गरम करून देतो' हे वाक्य म्हणूनच डोक्यात जातं. गरम केल्याने जिवाणू मरतील, पण त्यांनी आधीच सोडलेल्या विषाचं काय?

फ्रीज उघडला की नवा तमाशा. वरच्या कप्प्यात कच्चं चिकन, त्याचं पाणी थेंबथेंब खाली कापलेल्या सॅलडवर. तयार खाण्याचे पदार्थ सगळ्यात वर, खाली मासे, मग अख्खं मांस, त्याखाली खिमा आणि तळाला कोंबडी. शिजवायला जितकं जास्त तापमान लागतं तितकं खाली, एवढं साधं तत्त्व आहे. दाराचं रबर फाटलेलं, त्याच्या घडीत काळी बुरशी. पंख्यासमोर खोकी रचलेली, म्हणजे हवा फिरणार नाही आणि मागचा कप्पा ३ अंशांवर असताना पुढचा ९ वर. दारावर मात्र तापमानाचा तक्ता लटकतोय: ४, ४, ४, ४, महिनाभर, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला. अन्नात खुपसायचा प्रोब थर्मामीटर खणात पडलाय, बॅटरी संपलेली. तो बरोबर दाखवतो का हे तपासायला बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पुरतं, त्यात शून्य दाखवायला हवं. पण मुदत संपलेल्या डब्यावर नवं लेबल चिकटवायला ज्यांना वेळ असतो, त्यांना बर्फाचा पेला भरायला नसतो. धोके आधी हेरून ताब्यात ठेवायची ही हॅसेप पद्धत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासाने मिळून उभी केली. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी जमलं, इथे दोन आकडे खरे लिहिणं जमत नाही!

आता बार. इथे एक लाडका गैरसमज आहे की दारू सगळं मारते. नाही मारत. पेल्यात पडेपर्यंत दारू इतकी पातळ झालेली असते की तिचा भरवसा धरायचा नाही. गोठवल्यानेही उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस मरत नाही. आणि बर्फ हा अन्नच आहे, हे बारमागच्या निम्म्या लोकांना पटतच नाही. बर्फाच्या मशीनचं पुढचं झाकण काढून आतल्या पडद्यावर बोट फिरवा: गुलाबी किंवा काळा बुळबुळीत थर. यीस्ट, बुरशी आणि जिवाणूंनी मिळून बांधलेलं घर. मशीन बंद करून सगळा बर्फ फेकायचा, आधी क्षार काढणारं आम्ल फिरवायचं, मग सुटे भाग काढून घासायचे, मग सॅनिटायझर, आणि पहिली खेप टाकून द्यायची. वर्षातून निदान दोनदा, बेकरीसारख्या, हवेत यीस्ट असलेल्या जागी त्याहून जास्त. स्कूप बर्फातच खुपसून ठेवलेला, म्हणजे हाताने धरायची त्याची मूठ बर्फात. घाई असली की स्कूपऐवजी थेट काचेचा पेला. त्याची कड फुटली की काच बर्फात दिसतही नाही. मग अख्खी पेटी गरम पाण्याने वितळवून रिकामी करावी लागते. करतात का? वरचा थर काढून टाकतात आणि पुढची ऑर्डर घेतात.

बिअरच्या नळ्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी सहसा कोणी आजारी पडत नाही. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांत रोगजंतू फारसे तग धरत नाहीत. पण आंबट, लोण्यासारख्या वासाची बिअर पाजून पूर्ण पैसे घेणं ही चोरीच झाली. दर आठवड्याला, फार तर चौदा दिवसांनी, दोन टक्क्यांचं कॉस्टिक (तीव्र अल्कली) पंधरा मिनिटं फिरवायचं, नळ खोलून ब्रशने घासायचे, मग पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) मूळ पाण्याएवढा येईपर्यंत धुवायचं. तीन महिन्यांनी साठलेल्या खड्यासाठी आम्ल. बहुतेक ठिकाणी पाणी सोडतात आणि वहीत 'क्लीन' लिहितात. सोडा गनचं, म्हणजे बटण दाबून पेल्यात सोडा सोडायच्या नळीचं, टोक आणि ती ठेवायची खोबण तर कुणाच्या खिजगणतीतही नसते. मोरीतल्या बारक्या माश्या जिथे घोंघावतात, तिथे वाकून बघा.

मांस कापायचं स्लायसर दिवसभर चालतं आणि रात्री एकदा वरवर पुसलं जातं. दर चार तासांनी पातं, त्यामागचं कव्हर आणि ढकलपट्टी सुटी करून धुवायची असते. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गर्भवतीला त्याची लागण झाली तर गर्भ दगावू शकतो.

आणि ते हातमोजे! मोजा घातला की हात पवित्र झाले अशी समजूत. त्याच मोज्याने पैसे, फोन, नाक, कचऱ्याचं झाकण, ब्रेड. मोज्यातल्या बोटांना चिकट लागलेलं कळत नाही, उघड्या हाताला कळतं, म्हणून तो निदान धुतला तरी जातो. हात धुवायच्या बेसिनमध्ये भिजत घातलेली भांडी, साबणाची बाटली रिकामी, वर अल्कोहोल जेल टांगलेलं. नोरोव्हायरसपुढे ते जेल कुचकामी आहे, तिथे साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद घासणंच लागतं.

यात पोऱ्याला शिव्या देऊन भागत नाही. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्याने अन्नाला हात लावायचा नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. तरी सुट्टी मागितली की दिवसाची मजुरी कापतो, दुसऱ्यांदा मागितली की कामावरून काढतो. मग तो पोरगा पोट दाबत येतो आणि मालक त्यालाच सॅलड कापायला उभा करतो, कारण ते 'हलकं काम' आहे.