ताटाचा फोटो काढून भागत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद: आहारतज्ज्ञाची फी कशाला भरायची? ताटाचा फोटो ॲपला दाखवला की एआय कॅलरी मोजून देतं, उद्याचा डाएट चार्टही देतं. दादाने आईच्या फोनवर ते टाकूनही दिलं. इथे इंग्लंडात रेडिंगमध्ये बसून हे वाचताना माझं डोकं फिरतं.

आणि हा वाद पुण्यात व्हावा! दिसायला सडपातळ पण अंगात चरबी जास्त, हे भारतीय शरीर जगाला दाखवलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. उघड्या डोळ्यांना जे माणसात दिसत नाही, ते ॲपला ताटात दिसणार? फोडणीत तेल किती पडलं, वरणावर तूप किती, कोणत्या फोटोत येतं? इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, तक्त्यात आपल्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर असते.

इथे 'डायटिशियन' हे नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी नसेल तर लावता येत नाही, आणि सल्ला चुकला तर ती नोंदणी जाऊ शकते. ॲपचं काय जातं? गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक प्रकरण छापलं. साठ वर्षांच्या गृहस्थाने चॅटजीपीटीला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड हे रसायन खायला घेतलं. तीन महिन्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत रुग्णालयात.

दादा म्हणतो, तुमच्याकडे अपॉइंटमेंटला महिने लागतात. लागतात. पण मला भेटली त्या डायटिशियनने विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं, रात्री किती वाजता जेवता, उपवास धरता का. कोथरूडला एकटी राहणारी, शुगर असलेली आई गुरुवारी दिवसभर साबुदाण्यावर असते, हे ॲपला कुणी सांगितलं?

रविवारी फोन करणाऱ्यांनी शिकवू नये, असंही तो लिहितो. हे मला फार लागलं. कारण ते ॲप तिला रोज रात्री जेवण झालं का विचारतं, आणि ती त्याला उत्तर देते. तो प्रश्न माझा होता.

तरी माझं म्हणणं तेच. दादा, तिचे शेवटचे रिपोर्ट आणि ॲपचा चार्ट घेऊन तिला आहारतज्ज्ञाकडे ने. फी मी पाठवते. नेऊन आणणं इथून जमत नाही.