धूर नंतर मारा, आधी फ्रिजचा ट्रे काढा

पाऊस लागला, एखाद्या घरात डेंग्यू निघाला, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "धूर कधी मारणार?" मग मशीन येतं, धडधडतं, पांढरे लोट उठतात आणि सगळेजण दारं-खिडक्या गच्च लावून घेतात. ज्याला मारायचं तो डास आत, धूर बाहेर!

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा घरात राहणारा डास. पडद्यामागे, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांत तो दबा धरून बसतो. धुराचे कण ज्याच्या अंगाला लागतील तेवढाच डास मरतो. पाण्यातल्या अळीला त्याचं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कोषातून नवी फौज बाहेर. शिवाय हा चावतो सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधीच्या दोन-तीन तासांत, आणि आपल्याकडे धूर बऱ्याचदा अंधार पडल्यावर, दिसायला छान म्हणून. रुग्ण सापडल्यावर त्याच्या आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी करण्याला अर्थ आहे. त्यासाठी पायरेथ्रम या कीटकनाशकाचा 2 टक्के अर्क 1 लिटरला 19 लिटर रॉकेल या प्रमाणात मिसळतात. हे काम आरोग्य कर्मचाऱ्यांचं. फवारणीला ते घरात आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका, एवढंच आपल्या हातात.

आपल्या हातात याहून मोठं काम आहे, ते म्हणजे घासणी. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. काळी, राईच्या दाण्याहूनही बारीक. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. "आम्ही दर रविवारी पिंप रिकामं करतो, तरी अळ्या होतात" या तक्रारीचं उत्तर हेच. रिकामं करणं पुरत नाही. काथ्याने किंवा ताठ ब्रशने कड खरवडून काढा, धुवा आणि उन्हात पूर्ण कोरडं होऊ द्या. काढलेलं पाणी मातीवर किंवा डांबरावर पसरा. अळी कोरड्यावर मरते, तुंबलेल्या गटारात ओतली तर जगूही शकते.

आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा दिवस, सांगतात त्यामागे साधा हिशोब आहे. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आपल्या हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. दर सात दिवसांनी साखळी तोडली तर बहुतेक पिढी पूर्णच होत नाही. पंधरा दिवसांनी तोडली तर हाती काही लागत नाही.

शोधायचं कुठे? फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला ट्रे असतो, तो अनेकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. मग कुंडीखालच्या थाळ्या, मनीप्लांटची बाटली, गॅलरीतली करवंटी, गच्चीवरचे टायर, दुकानाच्या ताडपत्रीला पडलेला खळगा, तुंबलेली पन्हाळ, बांधकामावरच्या पाण्याच्या टाक्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसत नसेल, ओव्हरफ्लो पाइपला जाळी नसेल, तर तिथे मलेरियाचा शहरी डास, ॲनॉफिलिस स्टीफेन्सायही, खुशाल वाढतो. टाकीला नीट शिडी लावा. वर चढून बघायची सोय नसेल तर कोणीच बघत नाही. घाण पाण्यातला क्युलेक्स हत्तीरोगवाला. त्याच्यासाठी शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला वरच्या तोंडाशी जाळी बांधा.

आता अडचणीची बाब. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात "पाणी साठवू नका" हा सल्ला म्हणजे क्रूर विनोद. तिथे दोन पिंपं आलटून-पालटून वापरा: एकातलं संपलं की घासून वाळवायचं, मगच भरायचं. तोंडाला सुती कापड ताणून दोरीने बांधा. मधोमध लोंबलं आणि वर पाणी साचलं, की तेच नवं डबकं. वापराच्या पाण्यात टेमिफॉस हे अळ्या मारणारं औषध टाकतात, प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅम. 50 टक्के द्रावण असेल तर 200 लिटरच्या पिंपाला अर्धा मिलिलिटरही लागत नाही, म्हणून अंदाजाने झाकणभर ओतू नका. आरोग्यसेवकाकडूनच टाकून घ्या. अळ्या खाणारे गप्पी मासे पडीक विहिरीत, हौदात सोडा. नदी-ओढ्यात नको, तिथले देशी मासे मागे हटतात.

डास दूर ठेवायला अंगावर लावायच्या मलमाच्या ट्यूबवर डीईईटी किंवा पिकारिडिन या डास पळवणाऱ्या औषधाची टक्केवारी वाचा. 20 टक्क्यांच्या आसपास असेल तर ते काही तास टिकतं, कमी असेल तर लवकर पुन्हा लावा. सनस्क्रीन आधी, हे नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला नको, त्याला मच्छरदाणी. मोबाइलच्या आवाजाने डास पळवणारी ॲपं फुकट आहेत, आणि तेवढ्याच लायकीची.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट शेवटी. डेंग्यूचा ताप आलेल्या माणसाच्या रक्तात पहिले चार-पाच दिवस विषाणू भरपूर असतो. त्याला चावलेला डास साधारण 8 ते 12 दिवसांनी इतरांना बाधा देऊ लागतो. म्हणून रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, नाहीतर पुढचा रुग्ण त्याच घरातला. ताप असताना पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोट सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं ही लक्षणं बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. त्या वेळी पपईच्या पानांचा रस करत बसायचं नसतं, रिक्षा बोलवायची असते.