पहाटे पाचला उठा म्हणे!

आज एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गेले होते. नाव लिहीत नाही. प्रमुख पाहुणे पोरांना म्हणाले, "डिप्रेशन-बिप्रेशन काही नसतं. पहाटे पाचला उठा, गोदाघाटावर चालायला जा, विचार पळून जातील." वर टाळ्या! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अहो, ज्याचा चार वाजेपर्यंत डोळा लागत नाही, त्याने पाचला उठायचं कसं?

माझा भाचा निफाडहून इथे नाशकात शिकायला आला. कॉलेज रोडजवळ कॉट बेसिसवर राहायचा. व्हायव्हाला परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला इथे पाठवलं कुणी?" एवढंच. पण पुढची सेमिस्टर आली तरी दिवा मालवला की तेच सुरू. मी गप्प का बसलो, पोरं हसली, बाबांनी कांदा विकून भरलेली फी पाण्यात गेली. अशा पोराला वाटत असतं की विचार करून आपण उत्तर शोधतोय. उत्तर मिळत नाही, रात्र संपते. सकाळची लेक्चर्स बुडली, अटेंडन्स गेली, कॉलेजात 'आळशी' ठरला. मग तेही रात्रीच्या विचारांत जमा!

मोबाईलने झोप उडते, मान्य. पण त्याने तो हातात घेतला होता डोक्यातला तो आवाज बंद करायला. रोज ठरल्या वेळी उठा असं डॉक्टरही सांगतात, तेही मान्य. पण ते आधी ऐकून घेतात हो! त्याला म्हणाले, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नकोस, ऊठ. काळजीचे विचार संध्याकाळीच वहीत उतरव. आणि झोप उडाली ती नुसती नैराश्यामुळेच असंही नाही. निद्रानाश असणाऱ्याला पुढे नैराश्य येण्याचा धोकाही जवळपास दुप्पट असतो. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

ताई रोज फोनवर विचारायची, "जेवलास का?" तो "हो" म्हणायचा. मी गेले तेव्हा मेसचा डबा दारामागे तसाच होता, झाकणही उघडलेलं नव्हतं. तिचा काय दोष? झोपेबद्दल विचारायचं असतं हे आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?

तो आता बरा आहे. औषध चालू आहे, सबमिशनही वेळेवर करतो.

ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांच्यासाठी: १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे एकटं जायला कुणाला संकोच वाटत असेल तर मला मेसेज करा. नाशकात असाल तर मी सोबत येईन.