मजुरी पाडतं कोण?

‘बाहेरून येणारे मजूर पडेल त्या पैशात राबतात, म्हणून शहरातल्यांची मजुरी पडते आणि कमाईतली दरी वाढते. येणं बंद करा, मजुरी आपोआप चढेल.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय.

‘कामं पळवतात’ इथून सुरू करू. शहरातली कामं मोजून ठेवलेली नसतात. येणारा भाडं भरतो, जेवतो, चपला घेतो. त्यातूनही कामं निघतात. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत उतरले आणि मायामीतले कामगार काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली हिशेब मांडला, तर अकुशल कामगारांची मजुरी जवळपास हललेली नव्हती. पुढे दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांना त्याच शहरात कमी शिकलेल्यांची मजुरी घसरलेली दिसली. वाद चालू आहे. पण मग ‘पडतेच’ असं ठोकून कसं सांगता?

‘बंद करा’ हेही करून झालंय, शहरात नाही तर शेतात. मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना अमेरिकेनं १९६४ अखेर याच आशेनं गुंडाळली. मजुरीनं उडी घेतली नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडायला यंत्रं आणली.

आता ‘पडेल त्या पैशात’. हौस म्हणून? मुकादमाची वही बघा. पहिल्या पानावर उचल. पुढे हजेरी, आणि हजेरीसमोर कापलेले पैसे: प्रवास, खोली, आजारपणाचा खाडा. मालकानं मोजलेली रक्कम आणि मजुराच्या हातात पडलेली रक्कम यांचा मेळ लागत नाही. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या साइटवर जाता येत नाही, आणि जो सोडून जाऊ शकत नाही तो भाव काय करणार? मग शेजारी राबणाऱ्या शहरवाल्याला ठेकेदार ऐकवतो, ‘एवढ्यात करणारे आहेत.’ भाव पाडला तो त्या वहीनं. ती वही मात्र मजकुरात कुठेच नाही.

दरीबद्दल एवढंच: कमी कमावणारी माणसं शहरात आली की आकड्यांत दरी रुंदावते, कुणाचाही पगार न घटता. तोच माणूस गावी याहून कमी कमवत असेल, तर ती दरी फक्त शहराच्या हिशेबात आली.

फटका कुणालाच बसत नाही, असं मी म्हणत नाही. बसतो, आणि सगळ्यात जास्त बसतो तो आधीच्या खेपेला आलेल्या मजुरांना. नवा येतो तो त्यांच्याच कामावर. पण फिरणाऱ्या मजकुरात ‘आपली माणसं’ म्हणून त्यांची गणती होत नाही.