डिझेलने पोकलेनचं पोट साफ होत नाही

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्याकडे फिरतोय. चिरेखाणवाले, रस्त्याचे ठेकेदार, खाडीवर भराव टाकणारे, सगळ्यांच्या फोनवर एकदा तरी येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय ते असं: पोकलेनचा, म्हणजे माती खणायच्या मशीनचा, तेलाच्या दाबावर चालणारा (हायड्रोलिक) सिलिंडर फुटला तर तेलाचा पंप उघडायला लावणाऱ्या मेकॅनिकच्या नादी लागू नका. टाकी रिकामी करा, डिझेल घालून मशीन अर्धा तास फिरवा, टाकीत परतणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर बदला, टाकीत लोहचुंबक सोडा, नवीन तेल भरा. तेल स्वच्छ दिसलं की मशीन कामाला लावा. सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या रॉडचे खड्डे पॉलिश पेपरने घासून घ्या, नवीन रॉड लागत नाही.

यातली एक गोष्ट आधीच कबूल करतो. प्रत्येक वेळी पंप उघडावा लागतो असं नाही, आणि काही जण तो उगाच उघडायला लावतात. बाकीच्या मुद्द्यांशी माझं भांडण आहे, कारण मी स्वतः हेच करून एकाचं नुकसान केलेलं आहे.

लांज्याजवळ एका चिरेखाणीवर वरची माती काढायला लावलेलं वीस टनी पोकलेन होतं. त्याच्या आर्मच्या, म्हणजे बकेट धरणाऱ्या पुढच्या हाताच्या, सिलिंडरमधला पिस्टनचा नट सैल झाला, पिस्टन तडकला, तेल अडवणाऱ्या सीलचे तुकडे झाले. आम्ही दुसरा सिलिंडर चढवला, टाकी रिकामी केली, डिझेल फिरवलं, फिल्टर बदलला आणि संध्याकाळी मशीन चालू करून दिलं. दोन आठवड्यांत वरचा भाग फिरताना धक्के मारायला लागला. तो भाग फिरवणारी स्विंग मोटर उघडली तर आतल्या प्लेटवर नखाला लागतील असे ओरखडे. मालकाने विचारलं, ‘सिलिंडर आर्मचा फुटला, मोटर कशी गेली?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर तेलाच्या वाटेत आहे. फिल्टर बदलला की कचरा अडला, हा मेसेजचा सगळ्यात मोठा गैरसमज. सिलिंडरमधून बाहेर पडलेलं तेल आधी होजमधून (जाड रबरी नळीतून) कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जातं, जिथे स्पूल नावाचे सरकते दांडे तेलाची वाट बदलतात, तिथून बहुतेक मशीनमध्ये तेल थंड करणाऱ्या कूलरमधून फिरतं, आणि मग कुठे रिटर्न फिल्टरला पोचतं. म्हणजे फिल्टर दारावर नाही, घराच्या मागच्या पडवीत आहे. तोवर धातूचा चुरा व्हॉल्व्हच्या स्पूलला घासून गेलेला आणि कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला असतो. बऱ्याच मशीनमध्ये स्विंग मोटरला कमी पडणारं तेल याच रिटर्न लाइनमधून, फिल्टरच्या अलीकडून दिलेलं असतं. लांज्याच्या मोटरचं कोडं मला तिथे सुटलं. शिवाय फिल्टरला बायपास असतो. आतलं गाळणारं एलिमेंट तुंबलं, किंवा सकाळी तेल थंड आणि घट्ट असलं, की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल सरळ टाकीत जातं. पंपाच्या तोंडाशी असते ती जाळी. ती मोठे तुकडे अडवते, चुऱ्याला तिची भोकं म्हणजे हमरस्ता.

टाकी रिकामी करून तेल बदललं, असं म्हणणंही अर्धंच खरं. वीस टनी मशीनमध्ये टाकीत साधारण निम्मं तेल असतं. उरलेलं होज, सिलिंडर, कूलर आणि मोटरमध्येच राहतं, आणि चुराही तिथेच बसलेला असतो.

आता डिझेल. हायड्रोलिकमध्ये सर्रास वापरतात त्या ४६ नंबरच्या तेलाचा घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटीस्टोक असतो. डिझेलचा २ ते ४.५. पंपातले पिस्टन तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतात. डिझेलवर तो पापुद्रा टिकत नाही, आणि त्यात चुरा सुटा झालेला. पंप खराब करायची याहून सोपी युक्ती मला तरी सुचत नाही. मूळ कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. पातळ तेल जोरात फिरवलं की घाण सुटते हे खरं, पण ते काम बाहेरचा पंप आणि बाहेरचा फिल्टर लावून करतात, मशीनचाच पंप पणाला लावून नव्हे. डिझेल पूर्ण बाहेरही येत नाही. कोपऱ्यात राहिलेलं नव्या तेलाला पातळ करतं, आणि त्याची वाफ हायड्रोलिक तेलाच्या कितीतरी आधी पेट घेते.

लोहचुंबक फक्त लोखंड धरतं. रॉडवरचं क्रोम, पंपातलं पितळ-ब्राँझ, सीलचं रबर आणि नायलॉन त्याच्या शेजारून निघून जातं.

‘तेल स्वच्छ दिसलं की झालं’ हे तर डोळ्यांचं काम नाही. नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण दिसत नाही. पंपाच्या आतली आणि स्पूलभोवतीची फट बऱ्याच ठिकाणी ५ ते २५ मायक्रॉनची. नुकसान करणारा कण तुम्हाला दिसणारच नाही, आणि दिसतोय तो त्या फटीत शिरतच नाही. नव्या बॅरलचं तेलही गाळूनच भरावं. कण मोजून देतात त्या तेलाच्या स्वच्छतेच्या कोडमध्ये (आयएसओ ४४०६) पहिला आकडा १८ असेल तर एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनहून मोठे १,३०० ते २,५०० कण. २१ असेल तर १०,००० ते २०,०००. हा फरक गंजक्या बॅरलने आणि साइटवरच्या उघड्या कॅनने सहज पडतो. जांभ्याची लाल धूळ उडतेय, आणि ऑपरेटर कापलेल्या बाटलीचं नरसाळं करून तेल ओततोय, हे मी दर महिन्याला बघतो.

मी आता काय करतो ते सांगतो. सिलिंडरमधून करकर आवाज आला की इंजिन बंद, तसंच चालवत घरापर्यंत आणायचं नाही. जुना रिटर्न फिल्टर फेकत नाही, कापतो आणि त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरतो. पंपाच्या ड्रेनचं, म्हणजे पंपात झिरपून बाहेर येणारं, तेल वेगळं काढून बघतो. त्यात पिवळी चकाकी असेल तर पंप उघडायलाच हवा, नसेल तर मी त्याला हात लावत नाही. त्या सिलिंडरचे होज आणि पाइप काढून धुतो, तो स्पूल आणि त्याचे रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारे) उघडतो. रिलीफच्या सीटवर एक कण अडकला तरी प्रेशर पडतं, आणि दोष पंपावर जातो. कूलर उलट्या दिशेने धुतो, मन मानत नसेल तर बदलायला सांगतो. टाकी आतून पुसायला सूत सुटणाऱ्या चिंध्या वापरत नाही. तेल गाळून भरल्यावर नवा सिलिंडर लगेच जोडत नाही. त्याचे दोन्ही होज एकमेकांना जोडून, इंजिन हळू ठेवून तेल फिल्टरमधून फिरवतो. पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा बदलतो आणि पुन्हा कापतो. एवढ्याला दोन-तीन दिवस जातात, मालक कुरकुरतो.

राहिला रॉड. त्याच्यावरच्या क्रोमच्या मुलाम्यात मुळातच बारीक भेगा असतात. खारा वारा त्यातून आत जातो, लोखंड खालून गंजतं आणि क्रोमचा पापुद्रा उचलला जातो. पेपरने घासल्यावर खड्डा जात नाही, कडा तेवढी बोथट होते, ती पुढच्या पावसात पुन्हा धारदार. प्रत्येक फेरीला सील कापलं जातं आणि खड्ड्यातली धूळ-पाणी आत ओढलं जातं. तेल दुधासारखं दिसायला लागतं ते बऱ्याचदा इथूनच.

पावसाळ्यात खाणी बंद झाल्या की जागा वाचवायला ऑपरेटर आर्म पोटाशी घेऊन, बकेट मुडपून मशीन उभं करतात. म्हणजे आर्म आणि बकेटचे रॉड पूर्ण बाहेर, चार महिने पाऊस खात. उलट करा. बूम (मशीनला जोडलेला मोठा हात) खाली, आर्म लांब, बकेट उघडी ठेवा, म्हणजे तिन्ही रॉड जास्तीत जास्त आत जातात. जेवढे बाहेर राहतील त्यांना ग्रीस फासा, आणि मिरगाच्या आधी फासा. आमच्याकडे ते काम नारळीपौर्णिमेला आठवतं.